पालथी तुकडी

शंकरभाऊ गेल्याचा फोन पुण्याहून त्याच्या मुलीनं, वैशालीनं केला. रडणं आवरल्यावर ती म्हणाली, "काकाजी, शेवटी बाबा एकच विचारत होते. ती तुकडी उताणी होती की पालथी? आम्हाला काही कळायचं नाही..." मला कळत होतं. तरी मी सांगितलं नाही. आता महिना उलटला आहे.

आम्ही दोघं वीज केंद्रातून निवृत्त झालो आणि ऊर्जानगरच्या बाहेर, कोळशाच्या रेल्वेलाइनीजवळ शेजारी शेजारी घरं बांधली. कॉम्प्युटरवरचा एक युद्धाचा खेळ पाहून शंकरभाऊनं तसाच एक प्लायवूडच्या फळीवर तयार केला. हिरव्या रंगाचं जंगल, दोन नद्या, काळ्या रेघेची रेल्वे. सनमायकाचे चौकोनी तुकडे म्हणजे सैन्याच्या तुकड्या. त्याच्या निळ्या, माझ्या लाल, मागची बाजू सगळ्यांची तपकिरी. पायी चालणारी तुकडी एका पाळीत जेमतेम नदीपर्यंत पोचायची, रेल्वेनं अख्खा नकाशा ओलांडायची. पण गाडीतून उतरली की पुढची एक पाळी ती पालथी ठेवायची. तोवर तिला लढता यायचं नाही.

हा नियम त्याचाच. मी कटकट करायचो. होमगार्डात असताना तो निवडणुकीच्या बंदोबस्तासाठी रेल्वेनं आणि पुढे ट्रकनं गडचिरोलीच्या जंगलात गेला होता. "गाडीतून उतरलेला माणूस घंटाभर सामानच राह्यते भाऊ," तो म्हणायचा. "पाय आखडलेले, साहेब एका डब्यात, काडतुसं दुसऱ्याच. तवा कोणी चालून आलं असतं तं आमी हात जोडले असते."

"तू तं तसेही जोडले असते," मी म्हणायचो.

कोळशाची गाडी जायची तेव्हा फळी थरथरायची. मग आम्ही आपापल्या बाजूच्या तुकड्यांवर तळहात ठेवून गप्प बसायचो, शेवटचा डबा जाईपर्यंत...

नकाशावरचं मोठं जंक्शन मला कधीच जिंकता आलं नव्हतं. एका दुपारी माझी तुकडी नुकतीच जंक्शनजवळ गाडीतून उतरून पालथी पडली होती आणि शंकरभाऊ चहा आणायला आत गेला. मी ती उताणी केली.

"हे तं आत्ताच उतरली ना?" कप ठेवत त्यानं विचारलं.

"मांगच्या पाळीत उतरली. इसरला का?"

तो फळीकडे पाहत राहिला. चहावर साय धरली. "असंन," तो म्हणाला.

हसून सांगून टाकायचं होतं. संध्याकाळवर गेलं, मग उद्यावर, मग सांगणं अवघड होत गेलं. तो कुलूप लावून पुन्हा फिरून ओढून पाहू लागला. बोलता बोलता थांबून, आपण हे आधी सांगितलं का, असं विचारू लागला. वैशालीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबा विसरतात का हो?" तेव्हाही मी म्हणालो, "वय झालं, होते थोडं." त्या वाक्यावर तिनं त्याचं घर बंद करून त्याला पुण्याला नेलं. वैशाली, तुझ्या बाबांना सगळं नीट आठवत होतं. तुकडी पालथीच होती.

जाताना त्यानं त्या दुपारचा डाव तसाच मांडलेली फळी माझ्या समोरच्या खोलीत आणून ठेवली. "हलवू नको. मले आठवलं तं सांगीन."

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती लाल तुकडी पालथी होती. गाडीच्या थरथरीनं तुकडी सरकते, उलटत नाही. मी ती उताणी केली. पुढच्या सकाळी पुन्हा पालथी. खोलीला कुलूप लावलं, किल्ली उशीखाली ठेवली. तरी पालथीच. शेवटी बायकोला विचारलं.

"मी काऊन हात लावू त्याले?" ती म्हणाली. "रोज पहाटे तुमीच तं उठून पालथी करता. इसरून राह्यले का आता?"

उठल्याचं मला काही आठवत नाही.

"असंन," मी म्हणालो.

आता ती तुकडी मी उताणी करत नाही. कोळशाची गाडी आली की अजून फळीजवळ जाऊन बसतो, माझ्या बाजूच्या तुकड्यांवर तळहात ठेवतो. कालही ठेवले. हाताखाली माझ्या तुकड्या खडखडत होत्या. समोर त्याची बाजू मोकळी, कुणाचा हात नाही... आणि शेवटचा डबा जाईपर्यंत एकही निळी तुकडी हलली नाही.