भरतीमास्तरांचं बिऱ्हाड

भरतीमास्तरांना वेळ विचारली की ते घड्याळ न बघता सांगत, "भरतीला पाऊण तास आहे अजून." विचारणाऱ्याला एस्टी गाठायची असली तरी उत्तर तेच.

मांडवीला त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथलाच विद्यार्थी. होडीवाल्या हसनचाचांनी त्यांना एक हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता भरती. मास्तरांनी त्याचा प्रोग्राम करून बटणांच्या फोनमध्ये बसवला. उघडताना पडद्यावर इंग्रजी अक्षरांत दोन ओळी यायच्या, वर चाचांचं नाव, खाली मास्तरांचं. "विद्या त्यांची, टायपिंग माझं," ते म्हणत.

मग टचचे फोन आले. नव्या फोनवर जुना प्रोग्राम चालेना. मी तेव्हा पुण्यात नोकरी शोधत होतो. मास्तरांनी प्रोग्रामच्या छापील कागदांचा गठ्ठाच हातात ठेवला. समासात पेन्सिलीने लिहिलेलं, 'चाचा म्हणतात, अष्टमीला थोडं पुढे ढकल.'

"माझ्याने नाही होत रे हे नवं. तू कर. बिऱ्हाड हलवायचंय फक्त. सामान तेच, माणसं तीच. कळलं काय मेल्या?"

तीन आठवडे लागले. नव्या भाषेत ओळ न् ओळ पुन्हा लिहावी लागली, तशी ती माझीच वाटू लागली. एवढ्याशा पडद्यावर मावलेली दोन नावं मोठ्या पडद्यावर मावली नाहीत. माझं एकट्याचं मावलं. मुलाखतीत तेच दाखवलं. नोकरी लागली.

दिवाळीत मास्तरांना फोन दाखवला. पहिल्या पडद्यावरच ते थांबले.

"सुरेख हलवलंस. आम्ही दोघं मागेच राहिलो वाटतं?"

मी हसलो.

"माझं राहू दे रे. पण चाचांचं नाव कुठे छापलेलं असं तेवढंच होतं."

"पुढच्या वेळी घालतो, सर."

"घाल हो," म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले.

पुढची वेळ मी कधी काढलीच नाही. चाचा गेले. मागून मास्तरही.

मास्तरांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा काकूंनी कपाटातून त्यांचा जुना बटणांचा फोन काढला, त्यातला प्रोग्राम उघडून माझ्यापुढे धरला. "हेच ना रे तू केलेलं? सगळ्यांना सांगत असायचे, माझ्या विद्यार्थ्याने केलंय म्हणून."

पडद्यावर दोन्ही नावं उजळली होती. काकूंना इंग्रजी वाचता येत नाही.

मी "हो" म्हणालो.