कुणी नेलं न्हाई

औशाबाहेरच्या दर्ग्याची पडकी भिंत बांधायला नरसिंग गवंडी आला, त्याला एकतीस वर्षं झाली. भिंत आठवड्यात उभी राहिली; दर गुरुवारचा चहा मात्र चालूच राहिला. पाजणारे मुजावर लाडलेसाब, पिणारा नरसिंग, विहारात त्रिशरण म्हणणारा बौद्ध. दर्ग्यापुढं त्यानं कधी हात जोडले नाहीत, लाडलेसाबांनी कधी जोडायला सांगितले नाहीत.

वाद एकच. लाडलेसाब म्हणत, खरा दर्या तो एकच, आपण त्याच्यावरचे बुडबुडे. माणसाच्या मनात रहम येतो तो त्याच्याकडूनच. नरसिंग म्हणे, वर कुणी नाही आणि आतही कायमचं काही नाही. सगळेच दुःखात आहेत हे कळलं की करुणा येते.

"तुझ्या करुणेची इहीर बिनझऱ्याची," लाडलेसाब चिडवायचे.

"तुमचा झरा कुणी बघितलाय?" नरसिंग विचारायचा.

गेल्या भादव्यात लाडलेसाबांची लेक नसीम लातूरच्या दवाखान्यात डेंगूनं गेली. सव्वीस वर्षांची, मागं तान्ही मुलगी. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून जायचा, त्याची मर्जी. लाडलेसाब मान हलवायचे. पाचव्या दिवशी नरसिंग भेटायला गेला तेव्हा त्यांनी त्याला भिंतीकडं बाजूला घेतलं.

"नरसिंगा, तुमच्यात माणसाला कुणी नेत न्हाई ना?"

उत्तर नरसिंगाला ठाऊक होतं. पण म्हाताऱ्याचा आधार आपणच कसा काढून घ्यायचा? करुणा ती हीच, असं समजून तो म्हणाला, "तुमचंच खरं, लाडलेभाई. त्यानंच नेलं. त्याच्यापाशीच हाय पोरगी."

"तू बी?" लाडलेसाब एवढंच म्हणाले आणि आत गेले.

घरी पार्वतीबाईनं नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ज्याची चाकरी केली त्यानंच लेक नेली, हे त्यांना सोसवंना. कुणीच नेली नाही असं म्हणणारं गावात तुमचं एकच तोंड होतं.

पुढच्या गुरुवारी नरसिंगानं कपाला हात लावला नाही. "कुणी नेलं न्हाई तिला," तो म्हणाला. "डास चावला, ताप आला, गेली. कुणाची मर्जी न्हवती त्यात."

लाडलेसाब बशीत चहा ओतत होते.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्या दिवशी पायजे होतं."

आता गुरुवारी दोघं फक्त सोयाबीनच्या भावाचं बोलतात.