हिरव्यावर थांबणारे काका

नालवाडीचे आमचे शेजारी रोज मला स्कूटरवर कचेरीत सोडतात. लाल दिव्याला ते थांबतातच, पण हिरवा झाला तरी निघत नाहीत. मागून हॉर्न, शिव्या. लाजेनं मान मीच खाली घालतो.

"काका, हिरवा झाला नं!"

"आपल्याले दिसला. तिकडच्याईले लाल दिसला का?" चारी रस्ते न्याहाळून मगच निघतात.

काल सिग्नलच बंद होता. आता तासभर अडकलो, असं मला वाटलं. तर हे न थांबता हळूच चौक पार करून गेले!

"आज काऊन नाई थांबले?"

"आज सगळेच भेऊन गाडी चालवून राह्यले."

आज काका गावाला गेलेत, म्हणून मी माझी स्कूटर काढली. सिग्नल सुरू झालाय. दिवा हिरवा आहे, मागचे ओरडतायत आणि ब्रेकवरची माझी बोटं सुटत नाहीत.