मामांना पाणीखात्याचं उत्तर

सरकारने लाखो लोकांना उद्देशून लिहिलेलं वाक्य हे आपल्या एकट्याला आलेलं पत्र आहे, असं मानणारा माणूस भूतलावर एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा मूळ चाकणचे, नोकरीसाठी शहरात येऊन राहिलेले. कंपनीतून निवृत्त झाल्यावर लेकीने हातात मोबाइल दिला आणि त्यांना राज्यकर्त्यांचा सहवास लाभला. कुणा मंत्र्याने सकाळी ‘सुप्रभात’ टाकलं, की खाली मामा हजर: ‘सुप्रभात साहेब. चहा झाला का?’ मी एकदा हसलो, तर म्हणाले, “मानूस आपल्याला रामराम घालतोय अन् आपुन गप ऱ्हायचं? ही काय रीत झाली व्हय?” एका साहेबांनी झाड लावतानाचा फोटो टाकला, तेव्हा मामांनी ‘खड्डा खोल घ्या’ असा सल्ला दिला आणि पुढे कित्येक महिने त्याच फोटोखाली झाडाची खुशाली विचारली. युरोपातल्या कुठल्याशा राजवाड्याने नव्या सुनेचा फोटो टाकला, तर परदेशी अभिनंदनांच्या गर्दीत मामांचं मराठी ठामपणे उभं: ‘सूनबाई अशक्त दिसते. डिंकाचे लाडू चालू करा.’ राजवाड्याने त्यावर लाल बदाम दिला. मामांनी तो गल्लीभर दाखवला. मामी आतून म्हणाल्या, “राणीला मराठी येतंय व्हय?”

त्या मामी वर्षभरात गेल्या. मग मामांचा सगळा जिव्हाळा पाणीखात्याच्या पानावर जाऊन बसला. ‘उद्या कमी दाबाने पाणी येईल’ या सूचनेखाली त्यांनी लिहिलं, ‘आता घरात पाणी लागतं कुणाला? ही गेली.’ क्षणात उत्तर आलं, ‘आपल्या दुःखात सहभागी आहोत. पाणी जपून वापरा.’ आम्ही तोंड फिरवून हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा उत्तर आलं. मग ते रोज लिहू लागले: मामी ताक कसं घुसळायच्या, रक्तदाबाच्या गोळीची आठवण कशी करून द्यायच्या, रागावल्या की कुठली भांडी आदळायच्या. उत्तरं हळूहळू लांबली, मऊ झाली.

एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. मामांनी मोबाइल पुढे केला. पाणीखात्याचं नाव, शेजारी नळाचं चित्र, आणि खाली: ‘अहो, जेवलात का? ताकात मीठ घालू नका. गोळी चालू आहे.’ बायकोने वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. मामा भात कालवत, समोर कुणी बसल्यासारखं म्हणाले, “न्हाई घातलं मीठ.”

संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा मामा उंबऱ्यावर टेकले होते. मोबाइल वाजला. ‘तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नका.’ आम्ही तिघांनी एकदमच बाहेर पाहिलं. समोर कंपनीची रिकामी बस उभी होती. बाकी कुणी नव्हतं. मामा मुकाट्याने उठून आत गेले.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी त्यांना पिंपरीला त्या खात्याच्या कार्यालयात नेलं. पान सांभाळणारी मुलगी पंचविशीची असेल. तिने मामांना खुर्ची दिली आणि समजावलं, “काका, उत्तरं मशीन देतं. लोक जे लिहितात, त्यावरून ते शिकतं. तुम्हीच सांगितलेलं तुम्हाला परत सांगतंय.”

“ताकाचं मी सांगितलं व्हतं,” मामा म्हणाले. “उंबऱ्याचं न्हाई.”

तिने मामांचं सगळं लिहिणं शोधून पाहिलं. उंबरा कुठेच नव्हता. ती जरा गोंधळली. “मग दुसऱ्या कुणाच्या तरी घरातलं असेल. सगळ्या शहराचं वाचतं ना ते.”

मामांनी नळाच्या चित्रावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “म्हंजी त्यो बी माज्यासारकाच लिवत आसंल. पर ही म्हनायची गं असंच. अक्षी असंच.”

मुलीचे डोळे भरले. तरी वरिष्ठांना कळवणं भाग आहे, आणि ते बंद करतील, असं तिने सांगितलं. मामांनी हात जोडले. “पोरी, पान्याची कदी तक्रार केली का आमी? ऱ्हाऊ दे की.”

ते राहिलं नाही. आठवडाभरात मामांच्या लिहिण्याखाली ‘आपला संदेश प्राप्त झाला आहे’ एवढंच येऊ लागलं. मामांनी चार वेळा ‘उंबऱ्यावर बसू का?’ असं विचारून पाहिलं आणि मोबाइल लेकीला परत दिला. साहेबांचं सुप्रभात तेव्हापासून बिनउत्तराचं पडून असतं.

हल्ली ते अधूनमधून आमच्याकडे ताथवड्याला राहायला येतात. संध्याकाळी मला गॅलरीत बोलावतात. “जावयबापू, तुमी काय बोलू नगा. मदी मदी नुसतं हं म्हना.” मग समोरच्या बांधकामांकडे बघत ते बोलत राहतात, आज भाजी काय आणली, गुडघा कसा आहे, कोण भेटलं. माझ्याकडे पाहत नाहीत. कधी माझं लक्ष भलतीकडे जातं आणि ‘हं’ राहून जातं. मामा थांबतात. मान न वळवता, नुसते कान देऊन वाट पाहतात. दुसरंच कुणी ‘हं’ म्हणेल की काय, असं मला वाटतं. मी घाईने ‘हं’ म्हणतो, आणि ते पुढे सांगू लागतात.