टिकलीखालचा दिवा

मोहाडीला माझं गॅरेज आहे. डिझेल गाड्यांचं काम जास्त. माझा स्वभाव तिरसट आहे हे गिऱ्हाइकं मला तोंडावर सांगतात आणि तरीही येतात, कारण हा माणूस गाडीचं दुखणं बरोबर शोधतो अशी माझी ख्याती आहे. माझी एकुलती एक मोठी बहीण गेली, त्याला आता दोन उन्हाळे झाले. तिच्या जाण्यात माझ्या हातच्या कामाचा वाटा आहे. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे. ख्यातीचं काय ते तुम्हीच ठरवा.

आधी ईजीआर म्हणजे काय ते सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला थोडा धूर पुन्हा इंजिनातच पाठवणारी एक झडप असते, तिला आम्ही ईजीआर म्हणतो. हा उष्टा धूर आत गेला की आतली आग जरा मंद जळते आणि विषारी वायू कमी निघतो. सोय चांगली आहे. पण उष्ट्या धुराबरोबर काजळी येते, ती साचत जाते आणि एक दिवस झडप अडकते. मग गाडी काळा धूर ओकते, पिकअप जातो, जागेवर उभी असली की थरथरते, आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरांतून येणाऱ्या गाड्यांना हा आजार हमखास. त्या दूध आणायला आणि भाजीला तेवढ्या निघतात, इंजिन पुरतं तापतच नाही.

स्कॅनर लावला की कोड सांगतो. पण कोड वाचून थेट नवी झडप मागवणारा मेकॅनिक मला आवडत नाही. झडप काढून हातात घ्यावी, काजळी ओली आहे की कोरडी ते बघावं, दांडी दाबून ती आपणहून परत येते का पाहावं. मग ती भिजवून ब्रशने साफ करायची, तिच्या मागचा रस्ताही खरवडायचा, नवं पॅकिंग टाकायचं आणि स्कॅनर लावून झडपेला तिची उघडण्या-मिटण्याची जागा नव्याने शिकवायची. दोन दिवसांचं काम आहे.

दुसरा उपाय अर्ध्या तासाचा. धुराच्या पाइपच्या तोंडाशी पत्र्याचा तुकडा बसवायचा आणि वाटच बंद करून टाकायची. उष्टा धूर नाही, काजळी नाही, गाडी सुसाट. फक्त दिवा विझत नाही, कारण धूर येत नाही हे गाडीला कळत असतं. असं करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी गॅरेजबाहेर काढत असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात तसं.

ती गेली त्याच्या आधीच्या भाऊबीजेला मी अड्याळला ताईकडे गेलो. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, स्वतःची दहा सीटची डिझेल गाडी चालवतात. अड्याळहून भंडाऱ्याला सवाऱ्या नेतात. मी अंगणात मोटारसायकल उभी करतो न करतो तोच ते म्हणाले, "साळेबुवा, बरं झालं आलास. गाडी पार बसली. पाह्य धूर कसा सोडून राहिली."

मी पाच मिनिटांत सांगितलं, ईजीआर जाम आहे, मोहाडीला आणा, दोन दिवस लागतील.

"दोन दिवस?" भाऊजी हबकले. "अरे उद्यापासून मंडया चालू होतेत!"

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, मग नाटकं, घरोघर पाहुणे. सवाऱ्यांच्या गाडीला वर्षाचा हंगाम तो. ताई दारातून ओवाळणीचं ताट घेऊनच म्हणाली, "बाबू, मले यंदा लुगडं नको नं काई नको. ह्यायची गाडी चालू करून दे. तेच ओवाळणी समजन मी."

बहिणीने अशी ओवाळणी मागितल्यावर कोण नाही म्हणेल? मोटारसायकलच्या डिकीत पाने होते. जाड पत्रा हवा होता, पण सणाला दुकानं बंद. भाऊजींनी स्वयंपाकघरातून तेलाचा रिकामा पिपा आणून दिला. मी कात्रीने त्याचा तुकडा कापला, भोकं पाडली आणि पाइपच्या तोंडाशी कसला. पिप्याचा पत्रा त्या आगीसमोर फार टिकत नाही, हे मला माहीत होतं. हे वाक्य मी पुन्हा वाचलं आणि तसंच ठेवलं. मला माहीत होतं. मी म्हटलं, मंडया झाल्या की आणा, नीट करून देतो.

गाडी सुरू झाली ती घोड्यासारखी. आम्ही तिघं अड्याळच्या बाजारापर्यंत चक्कर मारून आलो. ताई पुढे बसली होती.

"हा दिवा काहून जळून राहिला अजून?" तिने विचारलं.

"तो आता जळतच राहते. तू नको पाहू त्याच्याकडे."

"मले नाई आवडत बा. डोया वटारल्यासारखा दिसते." आणि तिने कपाळावरची मरून टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवली. दिवा बरोबर झाकला गेला. कपाळावर टिकलीच्या जागी फिकट गोल डाग दिसत होता. आम्ही हसलो. भाऊजी म्हणाले, आता ही गाडी पण सवाष्ण झाली. ताईने त्यांच्या दंडावर चापट मारली.

मंडया झाल्या. भाऊजी गाडी घेऊन आले नाहीत, कारण गाडी चालत होती. मीही फोन केला नाही. धानाची मळणी झाली, संक्रांत झाली, होळी झाली.

मोहफुलं पडायच्या दिवसांत एकदा भाऊजींचा फोन आला. गाडी परत थोडा धूर सोडते, उभी असली की हलते. गॅरेजमध्ये तीन गाड्या खोलून पडल्या होत्या आणि मी कोणावर तरी खेकसत होतो. "चालते भाऊजी, काई नाई होत. पुढच्या आठवड्यात आणा," मी म्हटलं. मागून ताईचा आवाज आला, "त्याले विचारा, टिकली काढून दिवा पाहू का?" मी म्हटलं, दिवा तर तसाही जळतच असते, पाहून काय करता. ती हसली. तिचा ऐकलेला शेवटचा आवाज तो. माझ्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. त्या दिव्याचं बोलणं मीच बंद करून टाकलं होतं.

पाच दिवसांनी, सकाळी भाकरी टाकताना, ताईच्या छातीत दुखायला लागलं. भाऊजींनी तिला गाडीत घातलं आणि भंडाऱ्याकडे निघाले. अर्ध्या रस्त्यात गाडीने मागे काळा लोट सोडला, धाप टाकल्यासारखे दोन गचके खाल्ले आणि बंद पडली. ते चावी फिरवत राहिले. सुरू होई, हात-दोन हात सरके आणि पुन्हा बंद. रस्त्यावर वाहन नव्हतं. बऱ्याच वेळाने एक धानाचा रिकामा ट्रक आला, त्याने दोघांना नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ती बोलत होती. पोचल्यावर थोड्याच वेळात गेली. आधी आणलं असतं तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. हो म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते, तर मला एका ठिकाणी बसून रडता तरी आलं असतं.

तेरवी झाल्यावर भाऊजींनी गाडी ओढून माझ्याकडे पाठवली. "पाह्य बा, काय झालं होतं तिले," एवढंच फोनवर बोलले. काय झालं असेल ते मला गाडी न बघताच कळलं होतं. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि एकट्याने खोलायला घेतलं.

पत्रा मधोमध जळून गेला होता. त्याचा एक तुकडा धुराबरोबर पुढे जाऊन झडपेत आडवा अडकला होता. झडप उघडीच्या उघडी राहिली, सगळा उष्टा धूर इंजिनात शिरला आणि इंजिन गुदमरलं. पत्र्याचा एक कान पाइपच्या जोडाबाहेर राहिला होता. त्यावर पिप्याचा पिवळा रंग अजून होता. ताईच्या स्वयंपाकघरातला पिवळा रंग. मी तो हातात धरून जमिनीवर बसलो आणि ओरडून रडलो. शेजारचा पंक्चरवाला धावत आला, त्याला वाटलं जॅक घसरला.

मग मी ते दोन दिवसांचं काम केलं. झडप, रस्ता, पाइप, सगळं असं साफ केलं की त्यात जेवण वाढावं. नवं पॅकिंग टाकलं. स्कॅनर लावून कोड पुसले. टिकलीची कड नखाने जराशी उचलून पाहिलं. दिवा विझला होता. इतकंच तर काम होतं.

भाऊजी एसटीने आले. मी जळका पत्रा त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सांगितलं नसतं तर त्यांना कधीच कळलं नसतं, म्हणूनच सांगितलं. त्यांनी तो उचलला आणि त्याच्या पिवळ्या कानावरून अंगठा फिरवला.

"पिपा तं मीच आणून देल्ला होता," ते म्हणाले. मग म्हणाले, "टिकली तिनं लावली." मला वाटलं, हा माणूस माझ्या मानेवरचं ओझं वाटून घेतो आहे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण फोन केला होता मी तुले."

मी गाडीची चावी दिली. आता दिवा खरं बोलेल, टिकली काढून टाकतो म्हणालो आणि डॅशबोर्डकडे हात नेला.

"हात नको लावू," भाऊजी म्हणाले. मी हात मागे घेतला.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी रविवारी स्कॅनर घेऊन अड्याळला जातो. दिवा झाकलेला आहे, म्हणून त्याच्या जागी मी जाऊन बघतो. भाऊजी अंगणात पाठ करून उभे राहतात. "काई निंगालं?" ते विचारतात. "नाई," मी म्हणतो. दोन वर्षं आमचं बोलणं एवढंच. पाणी देतात, बस म्हणत नाहीत.

या भाऊबीजेला मी गेलो. ओवाळायला कोणी नाही, तरी गेलो. गाडीत बसलो तर टिकली खाली रबराच्या मॅटवर पडलेली. गोंद सुकला होता. समोर दिवा उघडा होता, विझलेला, निरोगी. दिवा उघडा ठेवून टिकली खिशात घालणं हेच माझ्या धंद्याला शोभलं असतं. पडली म्हणून सांगितलं असतं, ते खोटंही नव्हतं. मी तिच्या पाठीला पॅकिंग चिकटवायच्या शिलरचा टिपका लावला आणि ती परत दिव्यावर दाबून धरली. तो दिवा दुसऱ्यांदा झाकला गेला, आणि या खेपेला माझ्या हाताने.

भाऊजींनी वळून पाहिलं आणि गाडीपाशी आले. काचेतून बघत म्हणाले, "काहून, पडली होती का?"

"हो. परत लावली."

"तशी नाई रे," ते म्हणाले, "ती कपाळावर जराशी वर लावे." आणि गाडीच्या दाराला धरून ते माझ्यासमोर पहिल्यांदा रडले.

शिलर अजून ओलंच होतं. मी टिकली उचलली आणि ताई लावायची तशी, जराशी वर लावली. दिव्याची खालची कड आता उघडी राहते. पेटला तर दिसेल.