चहाची गाडी धरून

माझे वडील अकोल्यात कापसाच्या एका जुन्या कंपनीत कारकून होते. कंपनी इंग्रजांनी काढलेली. साहेब लोक केव्हाच गेले, पण त्यांच्या बंगल्यातलं सामान तिथेच राहिलं होतं. कंपनी बंद पडली तेव्हा ते विकायला निघालं आणि बाबा दोन वस्तू घरी घेऊन आले. एक सागवानी आरामखुर्ची, वेताच्या बैठकीची, हात इतके लांब की साहेब त्यांवर पाय टाकून पडत असत. दुसरी चहाची गाडी. तीही सागवानी, दोन फळ्यांची, खाली पितळी चाकं आणि ढकलायला एक गोल दांडा.

आई शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. चार पावलं चहा न्यायला गाडी कशाला लागते, हे तिला कधी पटलं नाही. कित्येक वर्षं तिने त्या गाडीवर कांदे-बटाटे ठेवले. बाबांनी मात्र आरामखुर्ची पहिल्या दिवसापासून आपली केली. पेपर, चष्मा, पुढे मोबाईल, सगळं त्या रुंद हातांवरच असायचं.

मी अमरावतीला आले, शिकवणी वर्गात रसायनशास्त्र शिकवू लागले, इथलीच झाले. आईला कंपवात झाल्याचं निदान झालं तेव्हा मी तिच्यासाठी स्टीलचा वॉकर घेऊन गेले. पुढच्या खेपेला पाहते तर वॉकरवर टॉवेल वाळत होते आणि आई स्वयंपाकघरातून चहाची गाडी ढकलत बाहेर येत होती. दांड्यावर दोन्ही हात, पाठ जरा वाकलेली, पण पावलं पडत होती. कांदे-बटाटे खाली टोपलीत गेले होते. गाडी रिकामी ती कधी नेत नसे. पाण्याचा एक पेला का होईना, वर असायचाच.

मी वॉकरचं विचारलं तर म्हणाली, "वॉकर धरला का मानूस बिमार दिसते. गाडी धरली का घरवाली दिसते."

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं की या गाडीला ब्रेक नाही, ही हातातून निसटेल. मी सुताराला बोलावलं. तो म्हणाला, या चाकांना ब्रेक बसत नाही, चाकंच बदलावी लागतील. आईने ती बदलू दिली नाहीत. तिने खालच्या फळीवर पाटा ठेवायला लावला. त्या वजनाने गाडी हळू चालायची, आणि आम्हाला वाटलं, जमलं.

एव्हाना बाबांचे गुडघे गेले होते. खुर्चीचा वेत ढिला होऊन बैठक खोल गेली होती, आणि एकदा बसले की त्यांना आपलं आपण उठता येत नसे. मग आई गाडी भिंतीला टेकवायची, एका हाताने दांडा धरायची, दुसरा त्यांना द्यायची. ते तिच्या आधाराने उठत, ती गाडीच्या. माझ्या घरी चला म्हटलं की बाबा म्हणत, तुझ्या फ्लॅटमध्ये वारा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी वर्ग चालू असताना बाबांचा फोन आला. त्या वेळी ते कधी करत नसत, म्हणून मी बाहेर येऊन घेतला.

"तुयी माय पडली," ते म्हणाले. "मले खुर्चीतून उठता येऊन नाई राहिलं."

गाडी पुढे निघून गेली होती आणि आई मागे फरशीवर आडवी झाली होती, त्यांच्यापासून दोन हातांवर. मागून तिचा आवाज आला, तिले कावून फोन केला, शिकवून राहिली असन ती. मी बाबांना फोन बंद करू नका म्हटलं आणि वर्गातल्या एकीच्या फोनवरून अकोल्याच्या घराशेजारच्या भाभींना कळवलं. त्या लगेच धावल्या. पण माकडं घरात शिरतात म्हणून दोन्ही दारांना आतून कड्या होत्या. दारंही जुनी, जाड. गल्लीतले लोक जमले. सगळे खिडकीच्या गजांतून आत पाहत होते, आणि गजांतून फक्त हात आत जात होता.

मी ऑटोने स्टँडवर आले, अकोल्याच्या बसमध्ये बसले. फोन कानालाच होता. बडनेरा गेलं असेल, तेव्हा खुर्ची करकरल्याचा आवाज आला. बाबा खुर्चीतून सरकत सरकत खाली उतरायला लागले होते.

"तुमी नोका उतरू," आई म्हणत होती. "तुमीबी पडसान."

ते उतरले. खाली बसल्यावर त्यांना पुढे सरकता येईना. मग ते तिच्याकडे डोकं करून आडवे झाले. हात पुरला का, मी विचारलं. बोटं पुरली, ते म्हणाले. बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईने काही न विचारता मला पाण्याची बाटली दिली. शेतं, ढाबे, मूर्तिजापूरचा फाटा, सगळं आपल्या गतीने मागे जात होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ओरडणार? आई कण्हत नव्हती. भाभी खिडकीतून तिच्याशी बोलत होत्या, ती एका शब्दात उत्तर देत होती. शेवटी कोणीतरी वेल्डिंगवाल्याला आणलं. गज कापल्याचा तो आवाज मी फोनवर ऐकला आणि त्यानंतर बाबांचा फोन बंद पडला.

मी पोचले तेव्हा दोघं दवाखान्यात होते. बाबांना काही झालं नव्हतं. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टरांनी तसं सांगितलं, आणि तसंच असेल. पण कंपवाताने पाय आधीच अर्धे नेले होते. ती पुन्हा चालली नाही.

मी दोघांना अमरावतीला आणलं. चहाची गाडी अकोल्यातच राहिली. आरामखुर्ची बरोबर आणली, ती माझ्या जिन्याच्या वळणावर अडली. हमालांनी आडवी केली, उभी केली, शेवटी खाली नेऊन ठेवली. जुनं सामान विकत घेणारा एक जण ती घेऊन गेला, कुठल्याशा रिसॉर्टसाठी. बाबा गॅलरीतून पाहत होते.

आता ते आईच्या पलंगाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. ती सरळ आणि उंच आहे, तिच्यातून त्यांना एकट्याने उठता येतं. संध्याकाळी मी वर्गावरून आले की आई म्हणते, "मले एकडाव उभी करा." एका बाजूने मी, एका बाजूने बाबा तिला धरतो. तिचे तळवे फरशीला लागतात, पण भार घेत नाहीत. ती खाली आपल्या पायांकडे पाहते, दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखं. मग आम्ही तिला परत निजवतो, आणि ती डोळे मिटून म्हणते, उद्या पाहू.

मी हो म्हणते.