चिवड्यातली सरहद्द

मेहुणा लडाखहून सुट्टीवर आला आणि मी त्यालाच सरहद्द समजावून सांगायला बसलो. रोज संध्याकाळी बातम्या बघणाऱ्या माणसाला एवढा आत्मविश्वास येतोच. बशीतला चिवडा टेबलावर ओतून मी हिमालय उभा केला आणि आपली चौकी म्हणून एक शेंगदाणा ऐटीत ठेवला.

"दाजी, तुम्ही तर मला चिन्यांच्या छावणीत नेऊन झोपवलंत!" तो हसला. त्याने शेंगदाणा अलीकडे घेतला आणि समोर एक डाळं ठेवलं. "हा मी. हा तो."

मध्ये जेमतेम करंगळीएवढी जागा होती. तिथे गोळी झाडायची नाही, असा दंडक आहे म्हणे. ते पुढे सरकले की हे आडवे उभे राहतात, छातीला छाती भिडते, ढकलाढकली होते. कधी दगडही येतात. चहा घेऊन आलेली बायको त्याच्या भुवईवरच्या ताज्या व्रणाकडे बघत राहिली. मला मात्र वाटलं, एवढाले दोन देश, आणि त्यांचा सगळा भार शेवटी दोन माणसांच्या टाचांवर!

चहा पिऊन तो आत पंख्याखाली आडवा झाला. त्याचं निवांत घोरणं ऐकत मी मोठ्या समाधानाने एकेक शिखर तोंडात टाकू लागलो. हात शेंगदाण्याकडे गेला, तसं बायकोने माझं मनगट धरलं.

"बाकीचा हिमालय खुशाल खा," ती म्हणाली, "पण त्या दाण्याला हात लावायचा नाही. तो माझा भाऊ आहे."